उजव्या चाकाचं कुंकू

"थांबा. आता जरा मागं घ्या," आप्पा म्हणाले. "आता पुढं. स्टेअरिंग डावीकडं मारा."

मी वैतागून स्टेअरिंग मारलं. पुण्याहून तासगावपर्यंत सात तास गाडी हाकत आलो होतो. मे महिन्याचं ऊन डोक्यात गेलं होतं आणि सासुरवाडीच्या अंगणात पाय ठेवायच्या आधीच माझी परीक्षा सुरू झाली होती. मागच्या सीटवर केतकी, माझी चार वर्षांची मुलगी, घामेजून झोपली होती. माझी बायको उज्ज्वला कधीच खाली उतरून वडिलांशेजारी जाऊन उभी राहिली होती.

पुढच्या चाकाखालून 'कट्ट' असा आवाज आला. आप्पांनी मान हलवली.

"खालचा बॉल जॉइंट गेलाय. किती दिस वाजतंय?"

"वाजतंय कुठे? खड्ड्यात थोडं..."

"दोन महिने," उज्ज्वला म्हणाली. "मी सांगत होते, आप्पा. हे म्हणाले, जुनी गाडी आहे, वाजायचीच."

"जावईबापू, चाकाचा सगळा भार त्या एवढ्या गोळ्यावर असतोय," आप्पांनी अंगठा आणि बोट जुळवून लिंबाएवढा आकार दाखवला. "त्यो निसटला की चाक आडवं पडतंय. उद्या सकाळी बदलू. दोन्ही बाजूचे. एका बाजूचा झिजला म्हंजे दुसरा बी त्याच वाटंवर असतोय."

ते हे सगळं अगदी सौम्यपणे म्हणाले. मला मात्र ते टोचलं. मी मेकॅनिकल इंजिनियर, चिंचवडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. माझे सासरे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काम करून निवृत्त झालेले, सातवी पास. गाडीचं दुखणं त्यांनी नुसतं कानाने ओळखलं होतं आणि ते मला दोन महिने कळलं नव्हतं.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चैन. सासूबाईंचं बोलावणं महिनाभर आधीपासून चाललं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला ओवाळून अनारशांचं वाण द्यायचं आणि चार वाजता आम्ही परत निघायचं, असं ठरलं होतं.

संध्याकाळी ओसरीवर चहा पिताना उज्ज्वलाने नेहमीचा विषय काढला.

"आप्पा, आता पुरे झालं. सदुसष्ट पूर्ण झालीत. गाडीखाली झोपायचं वय आहे का हे?"

आप्पा हसले. निवृत्तीनंतरही त्यांच्या अंगणात रोज एखादी जीप नाहीतर टेम्पो उभा असायचा. गावात आणखी चार गॅरेजं होती, पण चाकाचं आणि ब्रेकचं काम असलं की लोक आप्पांकडेच यायचे. त्याचं कारण त्यांची एक सवय. डेपोत एका बसवर चार माणसं काम करायची. कोणता नट कोणी आवळला यात घोळ नको म्हणून काम पूर्ण झालेल्या नटावर आप्पा लाल रंगाचं बोट लावायचे. घरी आल्यावर रंगाच्या जागी कुंकू आलं. फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत कुंकू एरंडेलात कालवून ठेवलेलं असायचं. नट आवळायचा, पिन घालायची, पुन्हा एकदा हाताने चाचपायचं आणि मग डाव्या हाताच्या अनामिकेने त्यावर कुंकवाचा ठिपका लावायचा. ठिपका लागला म्हणजे ते काम आप्पांच्या नावावर झालं. वडापच्या, म्हणजे सीटवर प्रवासी नेणाऱ्या जीपांचे ड्रायव्हर दुसरीकडे गाडी दाखवताना सांगायचे, "त्यावर आप्पाचं कुंकू हाय, ते उघडू नका."

"माझ्या करंड्यातलं निम्मं कुंकू गाड्यास्नीच जातंय," सासूबाई आतून म्हणाल्या.

"उजू, आयक," आप्पा म्हणाले. "ज्या दिवशी माझं कुंकू लावल्याला नट सुटंल, त्या दिवशी पाने बांधून ठेवतो. परत हात लावणार न्हाई. तुझ्या गळ्याची शपथ."

"पोरीच्या गळ्याची शपथ कशाला घेताय धोंड्याच्या म्हयन्यात?" सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या.

"सुटणारच न्हाई तर भ्या कशाचं?"

उज्ज्वला हसली. मीही हसलो.

सकाळी आठला आप्पा स्वतः सायकलवर जाऊन स्टँडजवळच्या दुकानातून दोन नवे जॉइंट घेऊन आले. गाडी त्यांनी जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे दिले आणि डावं चाक काढलं. मी लुंगी नेसून बाजूला उभा होतो. जुना जॉइंट त्याच्या जागेत घट्ट बसलेला असतो, तो ओढून निघत नाही. आप्पांनी एका बाजूला जड हातोडा टेकवला आणि दुसऱ्या बाजूने लहान हातोडीचे दोनच ठोके मारले. जॉइंट आपोआप खाली आला. नवा बसवला, नट आवळला. त्या नटाला वरून खाचा असतात. खाच आणि बोल्टमधलं भोक समोरासमोर आलं की त्यातून पिन घालायची आणि तिचे पाय वाकवायचे. मग नट सुटायचा प्रश्नच येत नाही.

"खाच जुळली न्हाई तर नट पुढं आवळायचा, पुढच्या खाचंला," आप्पा पिन घालता घालता म्हणाले. "मागं कधी सोडायचा न्हाई. मागं सोडला की ढिला ऱ्हायला."

त्यांनी चाचपून पाहिलं, डबी उघडली आणि ठिपका लावला. सगळं मिळून पाऊण तास लागला असेल.

"उजवं मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही कशाला? हात काळं हुतील."

"करतो म्हणालो ना."

सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "आवो, जावयाला राबवताय व्हय आजच्या दिवशी?" आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातोडा माझ्या हातात दिला. मला वाटतं त्यांना बरंही वाटलं असावं. जावई गाडीखाली शिरला, तेही त्यांच्या अंगणात.

जुना जॉइंट काढायलाच मला तासभर लागला. त्यांचे दोन ठोके, माझे शंभर. आप्पा शेजारी उकिडवे बसून अधूनमधून "जरा वर मारा" एवढंच म्हणायचे. शेवटी त्यांनी हातोडी घेतली नाही, फक्त माझं मनगट धरून कोन बदलला, आणि पुढच्या ठोक्याला जॉइंट निघाला. मी आभार मानायला हवे होते. मी घाम पुसत दुसरीकडे बघितलं.

नवा जॉइंट बसवत होतो तेवढ्यात यासीनभाई आले. यासीनभाईंची वडापची जीप होती, त्यांचं आप्पांशिवाय पान हलायचं नाही.

"आप्पा, स्टँडवर गाडी बंद पडलीया. पॅसेंजर बसल्यात आत. पाच मिन्टं चला."

आप्पा उठले. नवी पिन त्यांनी फडक्यावर ठेवली.

"जावईबापू, नट तेवढा आवळून ठेवा. पिन मी आल्यावर घालतो. आन कुंकू लागल्याबिगर चाक चढवायचं न्हाई."

ते गेले. मी नट आवळला. खाच जुळेना. पुढच्या खाचेपर्यंत न्यायला पाना ओढला तर हातावरचा फोड फुटला. मग मला वाटलं, एवढ्याशा पिनेसाठी यांची वाट कशाला बघायची? मी नट जरासा मागे सोडला, खाच जुळवली आणि पिन घातली. ती अर्ध्यात अडकली. हातोडीने ठोकली तर वाकली, आणि सरळ करायला गेलो तर तुटली. आत अडकलेला तुकडा काढायला मी नट चांगला चार-पाच आटे मागे घेतला. तुकडा पडला. मग नट पुन्हा वर चढवला. नीट आवळला की नाही, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. फोड झोंबत होता आणि तोपर्यंत माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीत अडकलं होतं. दुसरी पिन आप्पांच्या पत्र्याच्या डब्यात होती. तो डबा आत, फळीवर. त्यासाठी त्यांना सांगावं लागलं असतं की पिन मी तोडली.

एवढंच करायचं होतं. "आप्पा, पिन तुटली, दुसरी द्या." डेपोतल्या कुठल्याही नव्या पोऱ्याने सहज म्हटलं असतं.

कुंकवाची डबी ठोकळ्यावर उघडी होती. मी बोट बुडवलं आणि नटावर ठिपका लावला. खाचेवरच लावला, म्हणजे पिन आहे की नाही ते दिसू नये. मग चाक चढवलं आणि जॅक उतरवला. तुटलेली पिन मोरीत टाकली.

आप्पा आले तेव्हा मी हात धुत होतो. चढवलेलं चाक बघून ते थबकले.

"पिन घातली?"

"घातली."

"कुंकू?"

"लावलं."

ते खाली वाकले, गुडघा टेकला, गाडीखाली डोकं घातलं. लाल ठिपका त्यांना दिसला असणार. तरी ते तसेच राहिले.

"चाक काढून एकदा बगतो," ते म्हणाले. "दोन मिन्टाचं काम हाय."

"आप्पा," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला, "चार वर्षं इंजिनियरिंग शिकलोय मी. एक नट आवळता येतो मला. का तुमच्या अंगणात जावयाच्या कामाचीसुद्धा तपासणी होते?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात ओवाळणीचं ताट, निरांजन अजून पेटवलेलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आप्पांकडे बघून नुसती मान हलवली. धोंड्याच्या दिवशी जावई रुसला, तर ते घराला लागतं असं त्यांच्या मनात. आप्पा उठले, गुडघ्याची माती झटकली.

"तसं न्हवं, जावईबापू. सवय हो नुसती. चला, पाटावर बसा."

आतून उज्ज्वलाचा आवाज आला. सकाळभर ती मागच्या बाजूला पुरणाच्या खटपटीत होती आणि आता केतकीला अंघोळ घालत होती; उजवं चाक मी बसवलं हे तिला ठाऊकच नव्हतं आणि यातलंही काही ऐकू गेलं नव्हतं.

मला ओवाळलं. सासूबाईंनी माझ्या कपाळावर कुंकू लावलं, त्याच करंड्यातलं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून ते ताट माझ्या हातात दिलं. पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, भजी. आप्पा आग्रह करून वाढत होते. मी चार धोंडे खाल्ले. जेवताना मनात होतं, की जेवण झालं की गुपचूप डब्यातली पिन घेतो आणि घालून टाकतो. अडीच वाजता घरात निजानीज झाली की कोणाला कळणार होतं?

पण जेवण होताच आप्पांनी अंगात सदरा चढवला. कोणतीही गाडी मालकाच्या हाती द्यायच्या आधी ते स्वतः चालवून बघायचे. ज्याने काम केलं त्याने आधी बसायचं, हा त्यांचा आणखी एक नियम. सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे अनारसे पोचवायचे होते, गावाच्या दुसऱ्या टोकाला. "चल तर मग, ट्रायल बी हुईल," आप्पा म्हणाले. केतकी हट्ट धरून आजीच्या मांडीवर पुढे बसली. मी पुढच्या खोलीत पंख्याखाली आडवा झालो होतो. डोळे मिटलेले होते.

वीस मिनिटांनी सायकलवरून एक माणूस ओरडत आला.

"पावणं, चला बिगीबिगी. आप्पांची गाडी चौकात पडलीया."

मी अनवाणी धावलो. माझ्या मागे उज्ज्वला.

स्टँडच्या चौकात गाडी बाजेचा एक पाय मोडावा तशी एका अंगावर बसली होती. उजवं चाक बाहेरच्या बाजूला आडवं झालं होतं. वळताना वेग अगदी कमी होता, म्हणून जीव वाचले. रस्त्यावर अनारसे विखुरले होते. एका कंडक्टरने केतकीला कडेवर घेतलं होतं. ती रडून रडून दमली होती, पण तिला खरचटलंही नव्हतं. ती पुढे आपटू नये म्हणून सासूबाईंनी हात आडवा घातला होता. त्या पानपट्टीच्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांचं मनगट भलत्याच कोनात वाकलं होतं. त्या कण्हतही नव्हत्या.

भोवती सगळी डेपोची माणसं. ड्रायव्हर, कंडक्टर, कॅन्टीनवाले. एकतीस वर्षं ज्यांनी आप्पांना वाकून नमस्कार केला ती.

यासीनभाई रस्त्यावरून चालत आले. पंचवीस-तीस पावलं मागे त्यांना काहीतरी सापडलं होतं. ते आप्पांसमोर उभे राहिले आणि मूठ उघडली.

"आप्पा," ते अगदी हळू म्हणाले, "कुंकू हाय ह्याच्यावर."

आप्पांनी नट घेतला. उलटासुलटा करून बघितला. खाचांवर अंगठा फिरवला. पिनेचा माग नव्हता, नुसतं लाल कुंकू होतं. मग मान वर करून त्यांनी गर्दीत मला शोधलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त बघत होते, आणि मी काय करतो याची वाट बघत होते असं मला वाटलं. आजही वाटतं.

मी उभा राहिलो. तोंड उघडलं नाही.

"पिन घालायची ऱ्हायली माझ्याकडनं," आप्पा लोकांना म्हणाले. "यासीनच्या गाडीला गेलो, त्या नादात इसरलो आन तसंच कुंकू लावलं."

"आप्पा, तुमच्याकडनं असं व्हईल कसं?" कोणीतरी म्हणालं.

"झालं की. वय झालं."

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला पहिल्यांदा जे वाटलं ते हायसं. लाज त्यानंतर आली. आधी हायसं वाटलं, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

सरकारी दवाखान्यात सासूबाईंच्या हाताला प्लॅस्टर घातलं. संध्याकाळी घरी आल्यावर उज्ज्वला केतकीला घट्ट धरून ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "आप्पा, काल काय बोलला होतात?"

"हां," आप्पा म्हणाले. "ध्येनात हाय."

ते शेडमध्ये गेले. पाने एकेक करून फडक्याने पुसले, गोणपाटात गुंडाळले, सुतळीने बांधले. मी ओसरीवरून बघत होतो. दोन हातोड्या, पहार, सतरा नंबरचा पाना, ज्याची मूठ त्यांच्या हाताने झिजून पातळ झाली होती. शेवटी कुंकवाची डबी हातात घेऊन ते घुटमळले. मग ती सासूबाईंच्या देवघरात नेऊन ठेवली.

"तुम्ही तरी बघायचं होतं एकदा," रात्री उज्ज्वला मला म्हणाली. ती रडत होती. "इंजिनियर ना तुम्ही? त्यांचं वय झालंय, हात थकलाय, हे तुम्हाला दिसत नव्हतं? केतकी पुढे बसली होती."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

तिला वाटलं, मी नवऱ्याच्या मोठेपणाने दोष घेतोय. तिने माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने पुण्याला निघालो. गाडी यासीनभाईंनी दुसऱ्या गॅरेजमध्ये ओढत नेली. निघताना सासूबाईंनी डाव्या हाताने अनारशांचा डबा उज्ज्वलाच्या पिशवीत ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सावकाश जावा."

त्यानंतर आप्पांनी पान्याला हात लावला नाही. यासीनभाई वर्षभर येत राहिले. "आप्पा, लोकाचं सोडा, माझा हाय तुमच्यावर भरवसा," म्हणायचे. आप्पा त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. अंगणात तेलाचे डाग होते तिथे सासूबाईंनी शेवंती लावली. आप्पा ओसरीच्या पायरीवर बसायचे. रस्त्यावरून गाडी गेली की स्वतःशीच पुटपुटायचे, "बेअरिंग गेलंय," नाहीतर "पाटा मोडलाय." उठायचे नाहीत. दोन वर्षांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले. उज्ज्वला म्हणायची, "बरं झालं वेळेत थांबले." मी मान डोलवायचो.

मधे एक अधिक महिना असाच गेला. त्याच्या पुढचा श्रावणात आला, म्हणजे त्या दिवसाला पाच वर्षं झाली होती. मी जेवून उठलो होतो आणि आप्पा अंगणात माझ्या हातावर तांब्याने पाणी घालत होते. पन्नाशीकडे झुकलेल्या जावयाच्या हातावर बहात्तर वर्षांचा माणूस पाणी घालतो, आणि तोही कोण? मला ते सहन झालं नाही.

"आप्पा," मी म्हणालो, "त्या दिवशी उजव्या चाकाचं..."

"ऱ्हाऊ द्या."

"नाही, मला बोलू द्या. पिन मी तोडली होती. कुंकू मी लावलं."

"मग मला काय ठावं न्हाई व्हय?" आप्पा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच. "उजव्या चाकाला मी बोटच लावलं नव्हतं. हिला बी ठावं हाय. ती दारातच हुती की."

माझ्या ओल्या हातांवरून पाणी गळत राहिलं.

"मग तिथं बोलला का नाहीत? चार लोकांत मला..."

"धोंड्याच्या जावयाला चार लोकांत खाली बगायला लावू व्हय?"

"मी उज्ज्वलाला सांगतो. आज, आत्ता. तुमच्यावरचा डाग..."

आप्पांनी तांब्या कट्ट्यावर ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"अजिबात सांगायचं न्हाई. आयका. माझ्या हातावरनं तिचा भरवसा उडाला, उडू द्या. मी आज हाय, उद्या न्हाई. तिला जलमभर तुमच्या गाडीत बसायचं हाय. पोरीला घिऊन बसायचं हाय. भ्यालेल्या मनानं बसंल व्हय ती मग?"

मी खाली सांडलेल्या पाण्याकडे बघितलं.

"आन तुम्ही काय मुद्दाम केलं व्हय?" ते माझी समजूत काढत होते. माझी. "तुमचा डोळा लागला हुता म्हणून झालं सगळं. जागं असता तर तुम्ही सोडलं असतं व्हय आमाला? धावत आला असता."

"हो," मी म्हणालो. "आलो असतो."

त्यांनी समाधानाने मान हलवली, पंचाचं टोक माझ्या हातात दिलं आणि मी त्याला हात पुसले.

मी जागा होतो. डोळे मिटले होते, पण जागा होतो. केतकी म्हणत होती, "आजोबा, हॉर्न मी वाजवणार." सासूबाई डब्याचं झाकण शोधत होत्या. मग गाडीचा स्टार्टर वाजला. उठून दारात यायचं आणि "थांबा" म्हणायचं, एवढंच काम होतं. पण थांबा म्हटलं असतं तर आप्पांनी विचारलं असतं, का? मी मनात हिशेब केला. बहिणीचं घर दीड किलोमीटर. नट तेवढं टिकेल. परत आले की बघू. माझी मुलगी त्या गाडीत बसलेली होती आणि मी कूस बदलली. हे मी आप्पांना सांगू शकलो असतो. त्या अंगणात, त्या क्षणी. त्यांनी तर विचारल्यासारखंच केलं होतं.

आप्पा जाऊन आता चौदा वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांनी यासीनभाईंना पान्यांचं गाठोडं देऊन टाकलं. सासूबाईही गेल्या. त्यांचं मनगट कधी सरळ झालं नाही, पण त्यावरून त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आता ती गोष्ट नक्की माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे.

गेल्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगहून आणली. केतकीकडे नाशिकला जायचं होतं. तिला मुलगा झाला आहे, दोघांना आणायला. उज्ज्वला पिशव्या मागे ठेवून दारापाशी उभी राहिली.

"चाकांचं सगळं नीट बघितलं ना तुम्ही?" ती म्हणाली. "नाहीतर आप्पांसारखं व्हायचं."

"बघितलं," मी म्हणालो.

ती निर्धास्तपणे माझ्या शेजारी येऊन बसली, आणि मी गाडी सुरू केली.